ख्रिस्ती विवाह नेमका लावतो कोण?

१/ मराठीत लग्न ‘लागते’, भटजी ते ‘लावतात’ आणि आईबाप मुलीचे लग्न ‘करून देतात’. या तिन्ही प्रयोगांत वधूवर कर्त्याच्या जागी नाहीत. ख्रिस्ती विवाहाची कल्पना करतानाही बहुतेकांच्या मनात हेच व्याकरण असते: वेदी, पांढरा पोशाख आणि दोघांना पतिपत्नी ‘करणारा’ पाद्री. रोमन कॅथलिक परंपरा मात्र आठशेहून अधिक वर्षे निराळेच सांगत आली आहे. तिच्या मते लग्न लावतात ते वधूवर स्वतः, एकमेकांचे, स्वतःच्या तोंडच्या शब्दांनी. धर्मगुरू तेथे साक्षीदार असतो.

२/ हा धागा त्या एका कल्पनेचा आहे. दोन माणसांच्या संमतीने विवाह सिद्ध होतो, हा ख्रिस्ती विवाहविचारातील सर्वांत धाडसी सिद्धान्त होय. घराणी, राजे, सुधारक, एवढेच नव्हे तर तो मांडणारे चर्चही त्याला वेळोवेळी बिचकले. मात्र याच सिद्धान्तात एक मोठी उणीव होती: संमती एकदाच विचारली जाई. तिची किंमत भारतातील ख्रिस्ती स्त्रियांनी एकविसाव्या शतकाच्या उंबरठ्यापर्यंत मोजली.

३/ प्रारंभ रोमन साम्राज्यात. पहिल्या काही शतकांतील ख्रिस्ती लोकांचा स्वतंत्र, सक्तीचा विवाहविधी नव्हता. ते आजूबाजूच्या लोकांप्रमाणेच, त्या त्या प्रदेशाच्या रीतीने लग्न करीत. दुसऱ्या शतकाच्या आरंभी अंतिओखचा इग्नाशियस विवाहापूर्वी बिशपची संमती घ्यावी असे सुचवतो. पण तो सल्ला होता, कायदा नव्हे. रोमन विधिज्ञांचे मत असे की सहवासाने नव्हे, तर संमतीने विवाह होतो. मात्र त्यांच्या लेखी या संमतीत कुटुंबप्रमुख पित्याचा होकारही येत असे, आणि गुलामांना तर कायदेशीर विवाहाचा हक्कच नव्हता.

४/ ख्रिस्ती विचाराने या रोमन चौकटीत काय भरले? संत पौलाच्या एफेसकरांस पत्रात पतिपत्नीच्या ऐक्याचा संबंध ख्रिस्त व त्याची मंडळी यांच्या नात्याशी जोडलेला आहे आणि त्याला एक गूढ म्हटले आहे. तेथील ग्रीक शब्द ‘मिस्तेरिओन’. लॅटिन भाषांतरात त्याचे ‘साक्रामेंतुम’ झाले. सुमारे ४०१ साली ऑगस्टिनने विवाहाची तीन मूल्ये सांगितली: संतती, निष्ठा आणि हे साक्रामेंतुम, म्हणजे न तुटणारे बंधन. ख्रिस्त आपल्या मंडळीला टाकत नाही, म्हणून पतीने पत्नीला आणि पत्नीने पतीला टाकू नये, हा त्यामागील तर्क.

५/ इ. स. ८६६ मध्ये नव्याने ख्रिस्ती झालेल्या बल्गेरियाच्या राजाने पोप पहिला निकोलस याला अनेक प्रश्न विचारले. त्यांपैकी एक विवाहविधीविषयी होता. पोपने पाश्चात्त्य रीतीचे वर्णन केले: वाङ्निश्चय, अंगठी, हुंडा, आशीर्वाद, मस्तकावरील मुकुट. आणि पुढे स्पष्ट केले की यातील काही राहून गेले तरी पाप नाही, संमती पुरेशी आहे. संमतीच नसेल, तर बाकीचे सारे व्यर्थ. पुढील सात शतकांच्या वादाचे बीज या उत्तरात आहे.

६/ पूर्वेकडील चर्चने दुसरी वाट धरली. नवव्या शतकाच्या अखेरीस बायझंटाईन सम्राट सहावा लिओ याने चर्चच्या आशीर्वादाशिवाय विवाह वैध नाही असा कायदा केला. ऑर्थोडॉक्स परंपरेत आजही धर्मगुरूचा आशीर्वाद आणि वधूवरांच्या मस्तकी मुकुट ठेवणे हा विवाहाचा गाभा आहे. तेथे विशिष्ट कारणांसाठी घटस्फोट व पुनर्विवाहही मान्य आहे. ‘ख्रिस्ती धर्मात विवाह म्हणजे अमुक’ असे एकच वाक्य लिहिणाऱ्याने येथेच थोडे थबकावे.

७/ पश्चिमेत हा प्रश्न बाराव्या शतकात ऐरणीवर आला. सुमारे ११४० साली बोलोन्याच्या ग्रेशनने मांडले की संमतीने विवाहाला प्रारंभ होतो आणि शरीरसंबंधाने तो पूर्ण होतो. पॅरिसच्या पीटर लोंबार्डला हे मान्य नव्हते. तसे मानले तर मरिया आणि योसेफ यांचा विवाह अपूर्ण ठरेल! त्याच्या मते वर्तमानकाळात उच्चारलेले शब्द पुरेसे होते. ‘मी तुला वरीन’ म्हटले तर तो वाङ्निश्चय. ‘मी तुला वरतो’ म्हटले की विवाह. क्रियापदाच्या काळावर माणसांचे आयुष्य ठरू लागले.

८/ पोप तिसरा अलेक्झांडर (११५९–११८१) याच्या निर्णयांनी लोंबार्डचे मत बव्हंशी प्रस्थापित झाले. वर्तमानकाळातील संमतीने विवाह सिद्ध होतो. भविष्यकाळातील वचनानंतर शरीरसंबंध आला तरी तो सिद्ध होतो. धर्मगुरू, साक्षीदार, चर्चची इमारत, आईबापांचा होकार, यांपैकी काहीही वैधतेसाठी आवश्यक नाही. वयाची अट मुलीसाठी १२ आणि मुलासाठी १४ वर्षे. त्याच्या आधीच्या पोपने, चौथ्या एड्रियनने, अंकित शेतमजुरांचे विवाह मालकाच्या इच्छेविरुद्ध झाले तरी मोडता येणार नाहीत असा निर्णय दिला होता.

९/ याचा सामाजिक अर्थ ध्यानात घ्यावा. मध्ययुगीन युरोपात विवाह म्हणजे जमिनीचा, हुंड्याचा, वारशाचा आणि राजकीय मैत्रीचा व्यवहार. त्या व्यवहाराच्या मध्यभागी चर्चने दोन माणसांची जीभ आणून ठेवली. सरंजामदाराची मुलगी ओसरीवर, बागेत किंवा शेताच्या बांधावर चार शब्द बोलली, तर तिच्या बापाचे सारे बेत कोसळू शकत होते. बाप तिला घराबाहेर काढू शके, तिचा हुंडा नाकारू शके. तिचे लग्न रद्द करणे मात्र त्याच्या हाती नव्हते.

१०/ इंग्लंडमधील नॉरफक परगण्यात हे प्रत्यक्ष घडले. पास्टन हे तेथील जमीनदार घराणे. त्यांचा पंधराव्या शतकातील पत्रव्यवहार सुदैवाने टिकला आहे. घराण्यातील मार्जरी हिने रिचर्ड कॅल याच्याशी गुपचूप वचनांची देवाणघेवाण केली. कॅल हा पास्टनांच्याच जमिनींचा कारभारी. घरच्यांनी दोघांची ताटातूट केली. दोन-तीन पिढ्यांपूर्वी हेच पास्टन साधे शेतकरी होते. कारभारी जावई त्यांना अधिक खुपला, त्याचे हेही एक कारण असावे.

११/ १४६९ साली प्रकरण नॉर्विचच्या बिशपपुढे आले. बिशपने मार्जरीला तिच्या कुळाची आठवण दिली, आप्तांच्या संतापाची कल्पना दिली आणि मग एकच गोष्ट विचारली: तू नेमके कोणते शब्द उच्चारलेस? मार्जरीने ते सांगितले, आणि त्या शब्दांनी बंधन पक्के झाले नसेल, तर ते आत्ताच पक्के करते, असेही बजावले. कॅललाही स्वतंत्रपणे तेच विचारण्यात आले. दोघांची जबानी जुळली. बिशपची सहानुभूती घराण्याकडे असली, तरी कायदा मार्जरीच्या बाजूने होता. विवाह टिकला.

१२/ आई मार्गारेटने मुलीला घराचे दार बंद केले. तरीही १४८२ च्या तिच्या मृत्युपत्रात मार्जरीच्या मुलासाठी २० पौंडांची तरतूद आढळते, आणि कॅलही पुढे पास्टनांच्या सेवेत राहिला. रागाला मुरड पडली असावी. धर्मशास्त्राचा एक रूक्ष सिद्धान्त एका घरात शिरल्यावर काय घडते, ते या पत्रांइतके जिवंतपणे क्वचितच पाहायला मिळते.

१३/ तथापि हे चित्र केवळ प्रेमिकांच्या विजयाचे नाही. साक्षीदाराशिवाय दिलेले वचन सहज नाकारता येई. इंग्लंडमधील मध्ययुगीन धर्मन्यायालयांच्या नोंदींत विवाह मोडण्याच्या दाव्यांपेक्षा विवाह झाला आहे हे सिद्ध करण्याचे दावे अधिक आहेत. ‘याने मला शब्द दिला होता’ असे म्हणत उभ्या राहिलेल्या अनेक स्त्रिया पुराव्याअभावी हरल्या. जो सिद्धान्त मार्जरीच्या कामी आला, तोच एखाद्या लबाड पुरुषाला पळवाटही देत होता.

१४/ चर्चलाही ही अडचण उमगली होती. १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेने विवाहाची पूर्वघोषणा सक्तीची केली आणि गुप्त विवाहांना मनाई केली. पण मनाई असूनही झालेला गुप्त विवाह वैधच राहिला! पाप ठरले, दंड ठरला, बंधन मात्र कायम. संमती हेच विवाहाचे कारण असेल, तर नियम मोडल्याने ते कारण नाहीसे कसे होईल? स्वतःच्या तर्काशी इतका प्रामाणिक राहणारा कायदा इतिहासात विरळा.

१५/ सोळाव्या शतकात मार्टिन ल्यूथरने विवाह हा संस्कार असल्याचे नाकारले (१५२०). विवाह पवित्र आहे, पण तो ऐहिक व्यवस्थेचा भाग आहे, अशी त्याची भूमिका. गुप्त वचनांवर त्याचा विशेष रोष होता. आईबापांच्या संमतीवाचूनचे गुप्त वाङ्निश्चय त्याने अवैध मानले. दुसरीकडे प्रोटेस्टंट शहरांनी व्यभिचार किंवा परित्याग अशा कारणांसाठी घटस्फोट व पुनर्विवाह मान्य केले. झ्युरिकचे विवाह न्यायालय १५२५ सालचे.

१६/ सुधारणाकाळाचे जे सरधोपट चित्र रंगवले जाते, ते येथे उलटेपालटे होते. कॅथलिक घराच्या दारातून आत जाताना बापाची परवानगी लागत नव्हती, पण बाहेर पडण्याचे दार बंद होते. प्रोटेस्टंट घराचे मागचे दार किलकिले झाले, पण पुढच्या दारावर बाप पहारा देत बसला. ‘पुरोगामी’ कोण आणि ‘प्रतिगामी’ कोण, याचा निवाडा करण्याची घाई इतिहासाच्या विद्यार्थ्याने टाळलेली बरी.

१७/ ट्रेंटच्या धर्मपरिषदेने ११ नोव्हेंबर १५६३ रोजी ‘तामेत्सी’ हे फर्मान काढले. यापुढे धर्मग्रामाचा धर्मगुरू आणि किमान दोन साक्षीदार यांच्या उपस्थितीशिवाय विवाह वैध नाही. याला परिषदेतील अनेक बिशपांचा विरोध होता: जे बंधन संमतीने निर्माण होते, त्याला चर्च नवी अट कशी घालू शकते? फ्रान्सच्या राजाच्या वकिलांना तर याहून अधिक हवे होते. आईबापांच्या संमतीवाचून झालेला विवाह रद्द मानावा, असा त्यांचा आग्रह होता.

१८/ परिषदेने तो आग्रह फेटाळला. इतकेच नव्हे, तर आईबापांच्या संमतीशिवाय झालेले विवाह मुळातच रद्द असतात असे म्हणणाऱ्यांचा तिने निषेध केला. फ्रान्सने मग आपला मार्ग वेगळा काढला. अवज्ञा करणाऱ्या मुलांना वारशातून वगळण्याची मुभा देणारा राजाचा १५५६ चा हुकूम होताच. पुढे राजसत्तेने विवाहावरील पालकांची पकड आणखी घट्ट केली. ‘धर्माची परंपरा’ आणि ‘घराण्याची इच्छा’ या दोन भिन्न गोष्टी आहेत, याचा याहून स्पष्ट पुरावा कोणता?

१९/ ट्रेंटनंतरही धर्मगुरू साक्षीदारच राहिला. त्याने आशीर्वाद देणे वैधतेसाठी आवश्यक नव्हते. त्याने उपस्थित असणे आणि शब्द कानी पडणे पुरे होते. आलेस्सांद्रो मान्झोनीच्या ‘इ प्रोमेस्सी स्पोझी’ या प्रख्यात इटालियन कादंबरीतील एक प्रसंग यावरच बेतला आहे. स्थानिक दांडगेश्वराच्या भीतीने लग्न टाळणाऱ्या पाद्र्याच्या घरात नायक-नायिका साक्षीदारांसह अचानक शिरतात, हेतू हा की त्याच्यासमोर शब्द उच्चारून टाकावेत. पाद्री आरडाओरडा करून नायिकेचे वाक्य पूर्णच होऊ देत नाही. प्रसंग विनोदी आहे, पण त्यामागील कायदा अगदी खरा.

२०/ जेथे ‘तामेत्सी’ लागू झाले नाही, तेथे जुना नियम जगला. इंग्लंडमध्ये तो १७५३ च्या हार्डविक कायद्याने संपला. स्कॉटलंडमध्ये साक्षीदारांसमोरील नुसत्या उच्चाराने होणारा विवाह १९४० पर्यंत कायदेशीर होता. सीमेवरच्या ग्रेटना ग्रीन गावात इंग्लंडमधून पळून आलेली जोडपी लग्न करीत, ती त्याच आधारे. आजच्या कॅथलिक कायद्यातही एक झरोका शिल्लक आहे: मृत्यू समोर असेल किंवा महिनाभर धर्मगुरू मिळण्याची शक्यता नसेल, तर केवळ दोन साक्षीदारांसमोरचा विवाहही वैध होतो.

२१/ ट्रेंटचे निर्णय लवकरच हिंदी महासागर ओलांडून आले. १५६७ साली गोव्यात भरलेल्या पहिल्या प्रांतिक धर्मपरिषदेने ते पोर्तुगीज भारतात अमलात आणण्याचे काम हाती घेतले. पण येथे नुसत्या संमतीवर भागले नाही. १७३६ साली गोव्याच्या इन्क्विझिशनने हुकूम काढून नवख्रिस्ती लोकांच्या लग्नांतील देशी वाद्ये, विड्याचे वाटप, हळद लावणे अशा अनेक चालींवर बंदी घातली. संमती असेल तर बाकीचे विधी गौण, असे सांगणारे चर्च वसाहतीत मात्र हळदीला घाबरले!

२२/ हळद टिकली. गोव्यातील कॅथलिक घरांत लग्नाआधी नारळाच्या रसाचा ‘रोस’ आजही होतो. मुंबई-वसई पट्ट्यातील ईस्ट इंडियन समाजात ‘उंबराचं पाणी’ वाजतगाजत आणले जाते. हे विधी कुटुंबाचे आणि गावाचे आहेत, ते सुंदर आहेत आणि जपण्याजोगे आहेत. पण धर्मशास्त्राच्या काटेकोर अर्थाने त्यांच्यावाचून लग्न अडत नाही. कित्येक दिवसांच्या सोहळ्यात लग्न ‘होते’ ते काही सेकंदांत, दोन वाक्यांत.

२३/ आता उरलेली अर्धी बाजू. संमतीने उभे राहिलेले बंधन संमतीने सुटत नसे. मध्ययुगीन धर्मविधिज्ञ पौलाच्या पत्राचा आधार घेऊन सांगत की पतिपत्नीचा एकमेकांच्या देहावर हक्क असतो. हे ‘ऋण’ दोघांनाही सारखेच लागू. कागदावर समता, प्रत्यक्षात मात्र सत्ता ज्याच्या हाती, त्याचाच हक्क चाले. सतराव्या शतकातील इंग्रज न्यायाधीश मॅथ्यू हेल याने त्याच तर्काची टोकाची फांदी वाढवली: विवाहाच्या वेळी पत्नीने दिलेली संमती मागे घेता येत नाही, म्हणून पती तिच्यावरील बलात्काराचा दोषी ठरू शकत नाही.

२४/ इंग्लंडने ही सूट १९९१ साली न्यायालयीन निर्णयाने संपवली. भारतात ती १८६० च्या दंड संहितेत अपवाद म्हणून आली आणि १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेतही कायम आहे. ती आता केवळ ख्रिस्ती स्त्रियांपुरती नाही. सर्वधर्मीय भारतीय पत्नींना लागू आहे. एका विचाराची सावली त्याच्या जन्मस्थानापासून किती दूर पडते, त्याचे हे उदाहरण.

२५/ घटस्फोटाची कथाही अशीच. भारतातील ख्रिस्ती लोकांसाठीचा १८६९ चा कायदा इंग्लंडच्या १८५७ च्या कायद्यावर बेतला होता. पतीला पत्नीचा व्यभिचार सिद्ध केला की पुरे. पत्नीला मात्र नुसत्या व्यभिचारावर भागत नसे, त्याच्या जोडीला क्रूरता किंवा परित्यागही सिद्ध करावा लागे. इंग्लंडने हा भेदभाव १९२३ मध्ये काढून टाकला. भारतात तो राहिला. १९९७ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्ण पीठाने तो घटनाबाह्य ठरवला आणि २००१ मध्ये संसदेने कायदा बदलला.

२६/ त्याच दुरुस्तीने परस्पर संमतीने घटस्फोटाची तरतूद आणली. मात्र हिंदू विवाह कायद्यात आणि विशेष विवाह कायद्यात वेगळे राहण्याची अट एक वर्षाची असताना येथे ती दोन वर्षांची ठेवली गेली. कॅथलिक चर्चच्या दृष्टीने असा घटस्फोट धार्मिक बंधन सोडवत नाही. उलट चर्चच्या न्यायासनाने विवाह रद्द ठरवला, तरी नागरी कायद्याच्या दृष्टीने तेवढे पुरत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये स्पष्ट केले आहे.

२७/ मग ‘ख्रिस्ती विवाहाचा अर्थ’ काय? अपरिवर्तनीय, पहिल्या दिवसापासून वेदीपाशी होत आलेला विधी, हे उत्तर इतिहासात टिकत नाही. आईबापांच्या पसंतीवर चर्चने मारलेला शिक्का, हेही नाही. ट्रेंटने तेच तर नाकारले होते. मुलीने निवडलेला मुलगा ‘आपल्या धर्माच्या परंपरेत बसत नाही’ म्हणून जे कुटुंब दार बंद करते, ते मार्गारेट पास्टनच्या परंपरेत असते. धर्माची परंपरा त्या दिवशी बिशपपुढे उभ्या असलेल्या मुलीच्या बाजूने होती.

२८/ पण मार्जरीचे कौतुक करणाऱ्यानेही अर्ध्यावर थांबू नये. माणसाचा होकार इतका मोलाचा असेल की बाप, मालक आणि राजा यांना तो मोडता येऊ नये, तर त्याच माणसाचा पुढचा नकार बिनमोल कसा? बाराव्या शतकातील विधिज्ञांनी पहिला प्रश्न धैर्याने विचारला. दुसरा त्यांना सुचला नाही, किंवा ख्रिस्त आणि मंडळी यांच्या उपमेने तो विचारूच दिला नाही. निष्ठेचे मूल्य त्यामुळे कमी होत नाही. निष्ठा रोज नव्याने दिलेल्या होकारात असते. परतीचे दार नसलेल्या घरात तिची परीक्षाच होत नाही.

२९/ विवाह ‘लागतो’ की ‘करतात’, हा वाद म्हणून केवळ व्याकरणाचा नव्हे. ज्याच्या हाती क्रियापद, त्याच्या हाती आयुष्य. लॅटिन चर्चने हे क्रियापद एकदा दोन सामान्य माणसांच्या ओठांवर ठेवले, आणि त्यानंतर शतकानुशतके घराणी, राजे व विधिमंडळे ते परत मागत राहिली. ते दोघांच्या ओठांवर राहावे, आणि पहिल्या दिवसानंतरही राहावे, एवढाच या दीर्घ इतिहासाचा अपुरा उरलेला भाग आहे.